शिक्षकांचा शिक्षक : यान आमोस कोमेनियस

लहान मुलाच्या हातीं त्याचें पहिलें पुस्तक पडलें म्हणजे तें प्रथम काय करितें, हें प्रत्येक आईबापांनीं पाहिलेंच असेल. अक्षरांकडे त्याचें लक्षहि जात नाहीं. तें पानें उलटतें, गाय दिसली कीं हंबरून दाखवितें, कावळा दिसला कीं काव काव करितें, आणि मग केव्हां तरी त्याचें बोट हळूच चित्राखालच्या अक्षरांकडे वळतें. मुलांच्या पुस्तकांत चित्रें असावयाचींच, अशी आज आपली समजूत झाली आहे. परंतु चारशें वर्षांपूर्वीं यूरोपांतील मुलांच्या नशिबीं असें सुख क्वचितच असे. तेथें शाळेच्या पुस्तकांत व्याकरणाचे नियम असत, आणि ते पाठ झाले नाहींत तर गुरुजींच्या हातांत छडी असे. हें चित्र पालटावें म्हणून ज्या पुरुषानें आपलें सारें आयुष्य वेंचिलें, त्याला स्वतःला ना घर राहिलें होतें ना देश. यान आमोस कोमेनियस ह्या थोर शिक्षकाची ही हकीकत आहे.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मोरेव्हिया प्रांतांत झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकांत मोडतो. मातृभाषेंत त्याचें आडनांव कोमेन्स्की; कोमेनियस हें त्याचें लॅटिन रूप. त्या काळचे विद्वान् आपलीं नांवें अशा लॅटिन पेहरावांत मिरवीत. त्याचें घराणें बंधुसंघ नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचें होतें. यान हुस ह्या धर्मसुधारकास १४१५ सालीं जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या शिकवणुकीच्या परंपरेंतून हा संघ उदयास आला होता. साधी राहणी, मातृभाषेंतून प्रार्थना आणि प्रत्येकास शास्त्र वाचतां यावें हा आग्रह, हें बाळकडू यानला घरींच मिळालें.

परंतु घराचें सुख त्याला फार दिवस लाभलें नाहीं. तो सुमारें बारा वर्षांचा असतां आईबाप व दोन बहिणी ह्यांना मृत्यूनें हिरावून नेलें. पोरका यान आत्याच्या आश्रयास गेला, तों पुढच्याच वर्षीं, म्हणजे १६०५ सालीं, युद्धाच्या धामधुमींत तें गांवहि जळालें. ह्या हालअपेष्टांत त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. प्रशेरोव येथील लॅटिन शाळेंत तो दाखल झाला तेव्हां १६०८ साल उजाडलें होतें व त्याला सोळावें वर्ष लागून गेलें होतें. त्याच्या वर्गांतील मुलें त्याच्याहून किती तरी लहान होतीं.

हें उशिरां शाळेंत जाणें त्याच्या दृष्टीनें दुर्दैव होतें. पण जगाच्या दृष्टीनें तें भाग्यच म्हणावें लागेल. लहान मूल मार खातें आणि विसरून जातें. सोळा वर्षांच्या समंजस मुलाला मात्र आपल्याला काय शिकवितात आणि कसें शिकवितात, हें दोन्ही दिसत होतें. लॅटिन भाषा शिकवावयाची, आणि तिचें व्याकरणहि लॅटिनमध्येंच लिहिलेलें! कुलपाची किल्ली पेटीच्या आंत ठेवून पेटी उघडावयास सांगावें, तशांतला हा प्रकार. ज्या शब्दांचा अर्थ कळत नाहीं ते शब्द घोकावयाचे, आणि ज्या वस्तु कधीं पाहिल्या नाहींत त्यांचीं नांवें चालवावयाचीं. हुशार मुलें कशीं तरी तरून जात. बाकीचीं मठ्ठ ठरून घरीं बसत. गरिबांच्या व खेड्यांतल्या मुलांच्या आणि बहुतेक मुलींच्या वाट्यास तर एवढीहि विद्या येत नसे. दोष मुलांचा कीं शिकविण्याचा, हा प्रश्न यानच्या मनांत त्याच वेळीं रुजला.

पुढें तो जर्मनींत हेर्बोर्न येथें व नंतर हायडेलबर्ग येथें धर्मशास्त्र शिकला. हेर्बोर्न येथें आल्स्टेड नांवाच्या बहुश्रुत अध्यापकाचा त्याच्यावर फार परिणाम झाला; शिक्षणाची रीत बदलण्याविषयीं जर्मनींत जे नवे विचार निघत होते, तेहि तेथेंच त्याच्या वाचनांत आले. हायडेलबर्ग येथें असतां त्यानें एक हस्तलिखित विकत घेतलें. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें सांगणाऱ्या कोपर्निकसच्या प्रसिद्ध ग्रंथाची ती खुद्द कोपर्निकसच्या हातची प्रत होती. गंमत अशी कीं, कोपर्निकसचें मत कोमेनियसला कधींच पटलें नाहीं. तरी त्यानें ती प्रत आदरानें जवळ बाळगली. आज ती पोलंडमध्यें क्राको येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. १६१४ सालीं हा तरुण विद्यार्थी हायडेलबर्गहून पायीं चालत मायदेशीं परतला.

प्रशेरोवच्या ज्या शाळेंत त्यानें छडीचा अनुभव घेतला होता, तेथेंच तो आतां शिक्षक झाला. १६१६ सालीं त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली, व १६१८ सालीं फुल्नेक गांवची मंडळी आणि शाळा हीं दोन्ही त्याच्याकडे सोंपविण्यांत आलीं. लग्न झालें, मुलें झालीं. आयुष्य सुरळीत चालेल असें वाटूं लागलें, तोंच त्याच साली यूरोपांत तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला. १६२० सालीं प्रागजवळच्या लढाईंत बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांचा पुरता पाडाव झाला, व विजयी सम्राटाची वक्रदृष्टि बंधुसंघावर वळली. दुसऱ्या वर्षीं सैन्यानें फुल्नेक लुटलें. पाळक म्हणून कोमेनियसला जीव वांचविण्यासाठीं लपतछपत फिरावें लागलें. तो असा दूर असतांना १६२२ सालीं रोगाच्या साथींत त्याची तरुण पत्नी व दोन्ही मुलें दगावलीं. १६२३ सालीं फुल्नेकच्या चौकांत त्याच्या ग्रंथांची होळी झाली. ह्या काळोखांत त्यानें चेक भाषेंत जगाचा चक्रव्यूह आणि अंतःकरणाचें नंदनवन ह्या विषयावर एक रूपकात्मक ग्रंथ लिहिला. चेक वाङ्मयांत त्या ग्रंथाला आजहि मानाचें स्थान आहे.

१६२८ सालीं त्याला मायदेश कायमचा सोडावा लागला. आपला धर्म सोडा नाहीं तर देश सोडा, अशी राजाज्ञा होती. शेंकडों कुटुंबांबरोबर तोहि सरहद्द ओलांडून पोलंडमधील लेश्नो गांवीं गेला. जन्मभूमीचें दर्शन त्याला पुनः घडलें नाहीं.

लेश्नो येथें तो शाळेंत शिकवूं लागला. एके दिवशीं आपण परत जाऊं, आणि उद्ध्वस्त देश पुनः उभारावयाचा तर मुलांच्या शिक्षणापासून सुरुवात करावी लागेल, ही आशा त्याच्या मनांत होती. ह्या आशेनेंच त्यानें आधीं चेक भाषेंत व मग लॅटिनमध्यें आपला महान् शिक्षणशास्त्र हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील मुख्य सिद्धांत आज आपल्याला साधा वाटेल. त्या काळीं मात्र तो धाडसाचा होता. शिक्षण कोणाला द्यावें? तर सर्वांना. श्रीमंतांना तसें गरिबांना, शहरांतल्यांना तसें खेड्यांतल्यांना, मुलांना तसें मुलींना. देवाचा सूर्य निवडक घरांवर प्रकाश पाडीत नाहीं, मग विद्येनें तरी निवड कां करावी, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. मुलींची बुद्धि मुलांहून कमी नाहीं, उलट ती पुष्कळदां अधिक तल्लख असते, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. त्या विद्येचा उपयोग मुख्यतः घरसंसारांतच व्हावा, एवढी त्या काळची मर्यादा मात्र त्याला ओलांडतां आली नाहीं.

मग मंदबुद्धि मुलांचें काय? येथें कोमेनियसची दृष्टि सर्वांत निराळी होती. जो मुळांत दुबळा त्याला आधाराची गरज अधिक. तेव्हां ज्याला शिकणें जड जातें त्याला शाळेबाहेर काढणें म्हणजे आजाऱ्याला वैद्याच्या दारांतून हांकलून देण्यासारखें आहे, असा त्याच्या विवेचनाचा आशय निघतो. आणि एकदां शिकवावयाचें तें सर्वांना असें ठरलें, म्हणजे जुनी रीत आपोआपच निरुपयोगी ठरते. थोड्या हुशार मुलांना निवडून घ्यावयाचें असेल तर घोकंपट्टी व छडी चालेल. सर्वांना बरोबर न्यावयाचें तर वाटच नवी बांधावी लागते. कोमेनियसच्या साऱ्या नवीन कल्पना ह्या एका निश्चयांतून जन्मास आल्या.

ती वाट त्यानें कशी आंखली तें पाहा. शिक्षणाचे त्यानें सहा सहा वर्षांचे चार टप्पे केले. पहिलीं सहा वर्षें आईची मांडी हीच शाळा, व ती प्रत्येक घरांत. पुढचीं सहा वर्षें मातृभाषेची शाळा, व ती प्रत्येक खेड्यांत. त्यानंतर प्रत्येक शहरांत लॅटिन शाळा, आणि शेवटीं प्रत्येक प्रांतांत विद्यापीठ. प्रत्येक इयत्तेला तिच्या वयाजोगें पुस्तक असावें. आधीं वस्तु दाखवावी, मग तिचें नांव सांगावें. सोप्याकडून कठिणाकडे, जवळच्याकडून दूरच्याकडे जावें. परकी भाषा मातृभाषेच्या आधारानें शिकवावी. धडा आला नाहीं म्हणून मुलाला मारूं नये. वाद्य बेसूर लागलें तर वादक त्यावर दांडका हाणीत नाहीं, तारा जुळवितो, हा दाखला त्यानें दिला आहे. एकच शिक्षक एका वेळीं शंभराहून अधिक मुलांना सुखानें शिकवूं शकेल, असेंहि त्याचें मत होतें. हें वाचून आम्हां शिक्षकांस थोडें हसूं येतें. थोरांचेंहि सर्वच म्हणणें अनुभवाला उतरतें असें नाहीं. आयांसाठीं त्यानें शैशवाच्या शाळेवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें, व तें १६३३ सालीं जर्मन भाषेंत छापून निघालें.

त्याचें नांव यूरोपभर झालें तें मात्र १६३१ सालीं निघालेल्या एका पाठ्यपुस्तकानें. भाषांचें उघडलेलें द्वार असा त्याच्या नांवाचा अर्थ होता. सुमारें आठ हजार लॅटिन शब्द घेऊन त्यानें त्यांचीं हजार वाक्यें रचिलीं, आणि तीं वाक्यें शंभर प्रकरणांत विषयवार लाविलीं: आकाश, पाणी, झाडें, पशु, शेती, धंदे, घर, नगर, नीति. म्हणजे मूल भाषा शिकतां शिकतां जगाची ओळख करून घेई. हें पुस्तक थोड्याच वर्षांत अनेक भाषांत उतरलें. दुसरा कोणी असता तर एवढ्या कीर्तीवर समाधान मानून बसला असता. परंतु अगदीं नवशिक्या मुलांना हें द्वारहि उंच पडतें असें कोमेनियसच्या ध्यानांत आलें. म्हणून दोनच वर्षांनीं त्यानें त्याच्या अलीकडची एक ओसरी बांधली, म्हणजे त्याहून सोपें पुस्तक लिहिलें. मूल अडलें कीं आपलें पुस्तक बदलावयाचें, हा त्याचा बाणा होता.

कीर्तीबरोबर बोलावणीं आलीं. १६४१ सालीं तो लंडनला गेला. सर्व राष्ट्रांतील विद्वानांनीं एकत्र येऊन ज्ञानाचा संग्रह करावा व तो सर्वांना खुला करावा, अशी योजना तेथील मित्रांनीं आंखली होती. पण लवकरच राजा व पार्लमेंट ह्यांच्यांत यादवी माजली आणि बेत बारगळला. नंतर कांहीं वर्षें त्यानें स्वीडनच्या शाळांसाठीं पुस्तकें लिहिण्यांत घालविलीं. १६४८ सालीं युद्ध संपलें, परंतु तहांत बंधुसंघाला मायदेशीं परतण्याची मुभा मिळाली नाहीं. त्याच सालीं त्याची दुसरी पत्नीहि वारली.

१६५० सालीं हंगेरींतील शारोशपाटक येथें शाळा सुधारण्यासाठीं तेथील राजघराण्यांतील सुझाना लोरांट्फी ह्या विधवा राणीनें त्याला बोलाविलें. सात इयत्तांची नमुनेदार शाळा काढावयाचें ठरलें होतें. प्रत्यक्षांत तीनच इयत्ता निघाल्या. मुलें आळसावलेलीं, शिक्षक नाराज. द्वारावरचीं वाक्यें मुलें वाचीत, पण त्यांतील वस्तु त्यांनीं पाहिलेल्या नसत, आणि त्यामुळें शब्द कानांवरून निघून जात. कोमेनियसनें मुलांना दोष दिला नाहीं. पुस्तकांतल्या विषयांचीं त्यानें नाटकें केलीं आणि तीं मुलांकडूनच करविलीं. शाळेंत नाटक म्हणजे थिल्लरपणा, असें म्हणून प्रथम कांहींनीं नाकें मुरडलीं. पण जीं मुलें वर्गांत तोंड उघडीत नसत तीं रंगभूमीवर धीटपणें बोलूं लागलेलीं पाहून पालक थक्क झाले. दुसरा उपाय अधिक मोठा होता. वस्तु दाखवावयाची, पण वस्तु वर्गांत आणतां येत नसेल तर तिचें चित्र दाखवावयाचें! अशा पुस्तकाचा मजकूर त्यानें तेथेंच लिहून काढला. ठसे कोरणारा चांगला कारागीर हंगेरींत मिळेना, म्हणून तो मजकूर जर्मनींत नुरेंबर्ग येथें पाठविला, आणि १६५४ सालीं तो लेश्नोला परतला.

परंतु दैवानें आणखी एक घाव राखून ठेविला होता. पोलंड व स्वीडन ह्यांच्यांत युद्ध जुंपलें, आणि एप्रिल १६५६ मध्यें लेश्नो जळून खाक झालें. कोमेनियसचें घर, ग्रंथालय व हस्तलिखितें भस्मसात् झालीं. चाळीस वर्षांहून अधिक काळ खपून तयार केलेला चेक-लॅटिन कोशहि त्यांत गेला. ही हानि त्याच्या मनाला अखेरपर्यंत सलत राहिली. खरें सांगावयाचें तर ह्या अनर्थाला त्याचा स्वतःचाहि थोडा हातभार लागला होता. स्वीडनच्या राजाकडून आपल्या लोकांची सुटका होईल ह्या आशेनें त्यानें त्या राजाचें उघड स्तवन लिहिलें होतें, आणि ज्या देशानें आसरा दिला त्याचे लोक त्यामुळें चिडले होते. भविष्य सांगणाऱ्यांवर त्यानें असाच भोळा विश्वास टाकला व त्यापायीं उतारवयांत पुष्कळ टीका सोसली. मुलांच्या बाबतींत इतका डोळस असलेला हा पुरुष राजकारणांत पुनःपुन्हां फसला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

चौसष्टाव्या वर्षीं तो रिकाम्या हातानें अ‍ॅम्स्टरडॅमला पोंचला. तेथें एका उदार मित्राच्या घराण्यानें त्याला आश्रय दिला व नगरानेंहि साहाय्य केलें. १६५७ सालीं त्याचे शिक्षणविषयक लेख चार भागांत छापले गेले, आणि १६५८ सालीं नुरेंबर्गहून तें चित्रांचें पुस्तक बाहेर पडलें. डोळ्यांना दिसणारें चित्रमय जग, असें त्याचें नांव. आरंभीं अक्षरें आहेत, पण तीं पशुपक्ष्यांच्या आवाजांतून शिकविलेलीं: कावळा, कोंकरूं व इतर प्राणी एकेक अक्षर बोलून दाखवितात. पुढें सुमारें दीडशें पाठ आहेत. प्रत्येक पाठावर लांकडी ठशाचें एक चित्र, चित्रांतील वस्तूंवर आंकडे, आणि खालीं तेच आंकडे घालून लॅटिन व मातृभाषा ह्यांत शेजारीं शेजारीं वाक्यें. भटारखाना, न्हाव्याचें दुकान, मधमाशा, छापखाना, ग्रहण, मुलांचे खेळ, असें सारें जग त्यांत येतें. दुसऱ्याच वर्षीं लंडनला त्याची इंग्रजी आवृत्ति निघाली, आणि पुढें दोन शतकें तें पुस्तक मुलांच्या हातीं राहिलें. महाकवि गटेनेंहि लहानपणीं तें वाचल्याचें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

शेवटचीं वर्षें कोमेनियसनें मानवी व्यवहारांच्या सुधारणेवरील एका विशाल ग्रंथांत घालविलीं. त्यांत सार्वत्रिक शिक्षणाचा एक भाग आहे. सर्व राष्ट्रांच्या, सर्व वयांच्या माणसांना शिकवावें. आंधळे, बहिरे व मंदबुद्धि ह्यांनाहि वगळूं नये. आणि शिक्षण शाळेबरोबर न संपतां म्हातारपणापर्यंत चालावें, असें त्यानें मांडलें. ग्रंथ अपुरा राहिला. १५ नोव्हेंबर १६७० रोजीं त्याचा देहान्त झाला, व अ‍ॅम्स्टरडॅमजवळील नार्डेन येथें त्याला मूठमाती देण्यांत आली. ह्या ग्रंथाचें हस्तलिखित पुढें दृष्टीआड झालें. १९३५ च्या सुमारास तें जर्मनींत हाले येथील एका जुन्या अनाथालयाच्या दप्तरांत सांपडलें, आणि १९६६ सालीं, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळ जवळ तीन शतकांनीं, प्रागमध्यें संपूर्ण छापलें गेलें. ज्या देशानें त्याला घालवून दिलें, तेथें त्याचा जन्मदिवस, २८ मार्च, आज शिक्षकदिन म्हणून पाळितात.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रांत विजयाचे प्रसंग थोडे आहेत. त्याचीं गांवें जळालीं, माणसें गेलीं, योजना अर्ध्यावर मोडल्या. तरी प्रत्येक आगीनंतर हा मनुष्य पुनः बसला तो मुलांसाठीं अधिक सोपें पुस्तक लिहावयास. तुमच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या सोबत्याला जर उदाहरण सुटत नसेल, तर त्याला हंसण्यापूर्वीं ह्या गुरुजींची आठवण करा. तें त्याला दुसऱ्या रीतीनें सांगून पाहा. पालकांनाहि एक विनंति आहे. मुलगा शाळेंत आणि मुलगी चुलीपाशीं, हुशार भाऊ शाळेंत आणि मंद भाऊ गुरांमागें, अशी वांटणी घरांत होऊं देऊं नका. राहिलों आम्हीं शिक्षक. वर्गांतलें एखादें मूल मठ्ठ आहे असा शेरा मारण्यास आम्हांला एक क्षण पुरतो. तो शेरा मारण्यापूर्वीं आपली शिकविण्याची रीत एकदां बदलून पाहिली काय, हा प्रश्न कोमेनियस आम्हांला आजहि विचारीत आहे; आणि त्याचें खरें उत्तर देणें प्रत्येक वेळीं सोपें जातें, असें म्हणवत नाहीं.